डाव्या हातावरची शाई

महाराष्ट्रातल्या करोनाची गोष्ट एका जोडप्यापासून सुरू होते. पुण्याचं हे जोडपं चाळीस जणांच्या सहलीबरोबर दुबईला गेलं होतं. १ मार्च २०२० ला दोघं परतले आणि ९ मार्चला, ऐन होळीच्या दिवशी, त्यांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. राज्यातले हे पहिले रुग्ण. मग त्यांची मुलगी, मुंबईहून पुण्याला घेऊन येणारा टॅक्सीवाला, सहलीतला एक सोबती अशी साखळी लागली. बरे होऊन दोघं पुण्याच्या नायडू रुग्णालयातून घरी गेले तो दिवस होता २५ मार्च, गुढीपाडवा. नेमका त्याच दिवसापासून सारा देश घरात बसला.

त्याआधी आठवडाभर राज्य सरकारने आणखी एक गोष्ट सुरू केली होती. परदेशातून आलेल्या आणि घरीच अलग राहायला सांगितलेल्या माणसाच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का मारायचा. त्यासाठी मतदानाला वापरतात तसली, सहजासहजी न निघणारी शाई. वर तारीख : अमुक दिवसापर्यंत हा माणूस घरात राहील. लग्नातल्या मेंदीसारखा हा शिक्का आठ-पंधरा दिवस हळूहळू फिका होत जायचा. रेल्वेत, एसटीत असे शिक्केवाले हात दिसले की डब्यातले लोक आरडाओरडा करायचे. काहींना तर मधल्याच स्टेशनावर उतरवून देण्यात आलं.

हिंगोलीला विमानतळ नाही. पूर्णा-अकोला लोहमार्गावरचं एक स्टेशन आणि चहूबाजूंना जाणारे रस्ते, एवढीच बाहेरच्या जगाची वाट. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा : हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास. दुबईची सहल इथल्या बहुतेकांच्या स्वप्नातही नसते. पण म्हणून हा जिल्हा घरकोंबडा आहे असं मात्र कुणी समजू नये. सेनगाव-औंढ्याच्या वाड्या-तांड्यांवरून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पोरं पुण्याच्या कंपन्यांत, मुंबईच्या बांधकामांवर, हैदराबादच्या दुकानांत असतात. कुणी शिकून लंडन-अमेरिकेपर्यंत गेलेलं असतं. घरटी एक तरी माणूस बाहेर. त्यामुळे २०२० साली इथली खरी भीती विषाणूची कमी आणि 'बाहेरून आलेल्या'ची जास्त होती, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. त्या वर्षाचा हिंगोलीचा इतिहास हा या एका शब्दाच्या बदलत्या अर्थाचा इतिहास आहे.

२३ मार्चच्या संध्याकाळी राज्यात संचारबंदी लागली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. हिंगोलीहून वाशीमला जाताना सीमेवर लागणाऱ्या गावाचं नावच कनेरगाव नाका. नावातला नाका लोक कधीच विसरून गेले होते. त्या वर्षी तो पुन्हा नाका झाला. गावागावांच्या वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या. कुठे बैलगाडी आडवी लावली, कुठे जुना लोखंडी पलंग. पाटी एकच : बाहेरच्यांना प्रवेश बंद. पण पाटीपलीकडे उभा असलेला माणूस पुष्कळदा गावातलाच असायचा. पुण्याहून पायी, दुधाच्या नाहीतर भाजीच्या गाडीत बसून, रात्रीचा प्रवास करत आलेला. त्याची आई वेशीच्या आत, आणि तो बाहेर.

मग त्याला ठेवायचं कुठे? सरकारी उत्तर होतं जिल्हा परिषदेची शाळा. वर्गातले बाक भिंतीला लागले, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच राहिली आणि खाली सतरंज्यांवर पुण्या-मुंबईचे लोक चौदा दिवस मोजत बसले. गावाचं उत्तर जुनंच होतं : आखाडा.

मराठवाड्याबाहेर आखाडा म्हटलं की कुस्तीची लाल माती डोळ्यांपुढे येते. परभणी-हिंगोलीकडे आखाडा म्हणजे शेतातलं ठिकाण. चार पत्रे, गुरांची दावण, कडब्याची गंजी, खाली बाज, जवळच विहीर नाहीतर बोअर. कळमनुरी तालुक्यात तर आखाडा बाळापूर नावाचं मोठं गावच आहे. या आखाड्यावर परतलेल्या पोरांची सोय झाली. घरून डबा यायचा, तो बांधावर ठेवून आणणारा मागे सरकायचा, मग हा पुढे येऊन उचलायचा. दोघं लांबूनच बोलायचे. प्लेगच्या काळात, म्हणजे १८९६ नंतरच्या त्या भयानक वर्षांत, उंदीर पडू लागले की सबंध गाव उठून रानात झोपड्या टाकायचं आणि घरं ओस पडायची. आता गाव जागच्या जागी होतं, रानात एकच माणूस होता. पण रोगराईत रानाचा आसरा घ्यायचा ही बुद्धी तीच. तिला कुठल्या शासन निर्णयाची गरज लागली नाही.

ऊसतोडवाल्यांचे हाल आणखी वेगळे. बंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता आणि माणसं फडातच अडकली. १७ एप्रिलला सरकारने परवानगी दिली तेव्हा राज्यातल्या ३८ कारखान्यांच्या आवारात सुमारे १ लाख ३१ हजार मजूर थांबलेले होते. तपासणी करून, कारखान्याचं पत्र आणि गावाची यादी घेऊन त्यांच्या गाड्या मराठवाड्याकडे निघाल्या. बैल, संसार, लेकरं एकाच ट्रॉलीत. गावी आल्यावर त्यांनाही पुन्हा वेशीबाहेरच मुक्काम.

एवढा बंदोबस्त करूनही रोग आला, आणि तो ज्यांच्या हातून आला त्यांना वेशीवर अडवण्याचं कुणाच्या मनातही आलं नसतं. एप्रिलच्या सुरुवातीला जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला. महिनाअखेरीस आकडा एकदम वाढला तो राज्य राखीव पोलीस बलामुळे. एसआरपीचा गट क्रमांक १२ हिंगोलीत आहे. इथले जवान मुंबईला आणि मालेगावला बंदोबस्तासाठी गेले होते. मालेगाव तेव्हा राज्यातल्या सर्वांत बिकट जागांपैकी एक होतं. लोकांना घरात ठेवण्यासाठी ते रस्त्यावर उभे राहिले आणि परतले ते रोग अंगावर घेऊन. मेच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्यातल्या बाधितांमध्ये बहुतेक करून हे जवानच होते. संचारबंदी पाळायला लावणाऱ्यांनाच पहिली किंमत मोजावी लागली. त्यातले बरेचसे जवान तरुण असल्याने बरे होऊन घरी गेले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

याच सुमारास शेजारच्या नांदेडला दुसरं नाट्य घडत होतं. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दर्शनाला आलेले सुमारे चार हजार शीख यात्रेकरू महिनाभर अडकून पडले होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पंजाब सरकारच्या बसगाड्या आल्या आणि ते निघाले. घरी पोचल्यावर तपासण्या झाल्या तशी शेकड्यांनी माणसं बाधित निघाली, आणि पंजाबातल्या गावांत 'नांदेडहून आलेले' हा शब्द तसाच कडवट झाला जसा इकडे 'पुण्याहून आलेले' झाला होता. हिंगोलीकराला यात एक गंमत दिसावी. महाराष्ट्रातून पंजाबात गेलेला सर्वांत थोर 'बाहेरून आलेला' माणूस हिंगोलीचाच. नरसीचे संत नामदेव. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांनी दीर्घ मुक्काम केला आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात गेली. त्यांचा जन्म १२७० चा, म्हणजे २०२० हे साडेसातशेवं वर्ष. एरवी नरसीत केवढा सोहळा झाला असता! पण देवळांची दारं मार्चमध्ये बंद झाली ती थेट दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. औंढ्याच्या नागनाथाचा सगळा श्रावण भाविकांवाचून गेला. हिंगोलीचा दसरा, १८५५ पासून चालत आलेला आणि मैसूरच्या खालोखाल ज्याचं नाव घेण्याची इथल्या लोकांना हौस आहे तो, त्या वर्षी गर्दीविना पार पडला. राज्याचा आदेश होता, रावण जाळायचा तर प्रतीकात्मक जाळा, बघे नकोत. बघ्यांशिवाय रावण जाळण्यात कुणाला काय मजा येणार?

पासाचं प्रकरण सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा व्हायचा नाही. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला पोलिसांचा ई-पास लागायचा. मोबाइलवर अर्ज, ओळखपत्राचा फोटो, कारण, डॉक्टरचा दाखला. आजारपण आणि मयत ही दोन कारणं चालायची, म्हणून त्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या न जाणो किती आज्या कागदावर दोन-दोनदा वारल्या. बनावट पास करून विकणाऱ्यांवर राज्यात ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले. २० ऑगस्टला एसटीच्या आंतरजिल्हा फेऱ्या सुरू झाल्या आणि त्यात भलताच विनोद घडला. लालपरीत अनोळखी माणसांबरोबर बसून जायला पास नको, पण स्वतःच्या गाडीत नवरा-बायकोंनी जायचं तर पास हवा. २ सप्टेंबरला तो पास एकदाचा संपला.

हिंगोलीला पासाचं हे कौतुक नवं नाही. इथे निजामाच्या पदरच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती. ही हैदराबाद कंटिन्जंट १९०३ मध्ये मोडली, तोवर हे गाव छावणीचं गाव म्हणूनच ओळखलं जायचं. १८३०च्या दशकात फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी इथे वावरला. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये मुंबईला उतरलेला हा पोरगा पुढे निजामाच्या चाकरीत मोठा झाला आणि १८३९ मध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी इंग्लंडात गाजली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची एक हकिकत नोंदवली आहे. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक अब्रूदार कापडव्यापारी होता. टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. या हरिसिंगाने एकदा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला आणि त्याला तो रीतसर मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालं होतं, फक्त ते दुसऱ्याच्या मालकीचं होतं. हरिसिंगाच्या टोळीने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना, गाडीवानांना मारलं, त्याच परवान्यावर माल छावणीत आणला आणि उघड्या दुकानात विकला. पुढे तो ठग म्हणून पकडला गेला तेव्हा त्याने स्वतःच ही गोष्ट मोठ्या मौजेने सांगितली. छावणीच्या पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पुरलेली प्रेतं उकरली, तेव्हा टेलर तिथे उभा होता. कागद पाहून माणूस ओळखता येत नाही, हे हिंगोलीच्या नाक्यांना दोनशे वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

असो. टेलर हा इथला परदेशी. आता इथून परदेशी गेलेल्यांकडे येऊ. त्यांची गत आखाड्यावरच्या पोरांसारखीच होती, फक्त बांध जरा लांब होता. मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. त्याआधीच, ११ मार्चला जवळजवळ सगळे व्हिसा स्थगित झाले आणि त्यात परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं ओसीआय कार्डही आलं. आयुष्यभराचा व्हिसा म्हणून जे कार्ड कपाटात जपून ठेवलं होतं, ते रातोरात निरुपयोगी झालं. घरातल्या घरात दोन रंगांची पारपत्रं असणाऱ्यांची तर कोंडीच झाली : नवऱ्याचं निळं भारतीय, बायकोचं ब्रिटिश, तिकडेच जन्मलेल्या लेकराचंही ब्रिटिश. ७ मेपासून 'वंदे भारत' विमानं सुरू झाली तेव्हा बापाला जागा होती, लेकराला नव्हती. २२ मेला नियम सैल झाला. भारतीयांची अल्पवयीन मुलं, ज्यांच्या घरात मयत झाली अशी माणसं, जोडप्यातला एक जण भारतीय असून इथेच कायमचा राहणारा, अशांना मुभा मिळाली. तोपर्यंत किती जणांनी आई-बापांचे अंत्यविधी मोबाइलच्या चौकोनात पाहिले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

तिकडे हळदीला मात्र बरे दिवस आले होते, निदान पेल्यात. आयुष मंत्रालयाने ३१ मार्चलाच सांगून टाकलं : दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एक-दोनदा. लंडनच्या कॉफीच्या दुकानांत हेच दूध आधीपासून 'टर्मरिक लाटे' म्हणून विकलं जात होतं. ज्या मातीत ती हळद पिकते तिथे चित्र निराळं होतं. वसमत आणि हिंगोली हा हळदीचा मुलूख. काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर. ओले कंद कुकरमध्ये वाफवायचे, पंधरा-वीस दिवस अंगणात, शेतात, रस्त्याच्या कडेला वाळत घालायचे, मग ढोलात फिरवून पॉलिश करायचं. हे सगळं करायला हात लागतात, आणि त्या वर्षी हात घरात होते. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डातली खरेदी बंद पडली. वाळलेल्या हळदीची पोती घराच्या ओसरीवर थप्पी लावून पडली. सबंध जग हळद पितंय आणि हळदवाल्याच्या हातात पैसा नाही, अशी अवस्था काही आठवडे होती. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते पुढे, २०२४ मध्ये.

आणि मग डिसेंबर आला.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या अतिवृष्टीने सोयाबीन आणि कापूस झोडपून काढला होता. सरकारने दहा हजार कोटींची मदत जाहीर केली होती. रोगाची मात्र पहिली लाट ओसरली होती. लग्नं उरकत होती, शाळांचे वरचे वर्ग भरू लागले होते, मास्क हनुवटीवर आला होता. ब्रिटनमध्ये ८ डिसेंबरला कोव्हेंट्रीत नव्वदीच्या मार्गारेट कीनन यांना पहिली लस टोचली गेली आणि तिकडच्या मराठी घरांतही नाताळचे बेत ठरले. लंडनला मराठी माणूस जुना. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. नाताळ हा अशा घरांचा धार्मिक सण नव्हे, पण सगळ्यांना सुट्टी मिळते ती तेवढीच. मग कुणाच्या तरी घरी जमायचं, पुरणपोळी नाहीतर बिर्याणी, मुलांसाठी झाड आणि दिवे. सरकारने २३ ते २७ डिसेंबर अशी पाच दिवस तीन कुटुंबांना एकत्र यायची सवलत दिली होती. १९ डिसेंबरच्या शनिवारी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ती मोडीत काढली. विषाणूचा नवा, झपाट्याने पसरणारा अवतार सापडला होता. मध्यरात्रीपासून लंडन आणि आग्नेय इंग्लंड चौथ्या श्रेणीत. दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, नाताळलाही नाही.

ज्यांनी त्याऐवजी गावी जायचं ठरवलं, त्यांच्यापुढे दोनच दिवस होते. २१ डिसेंबरला भारताने जाहीर केलं की २२च्या मध्यरात्रीपासून ब्रिटनची विमानं बंद. त्याच दिवशी महाराष्ट्राने महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी लावली आणि युरोपातून, आखातातून येणाऱ्यांना चौदा दिवस संस्थात्मक विलगीकरण सांगितलं. जे शेवटच्या विमानांनी मुंबईला उतरले त्यांचा नाताळ हॉटेलच्या खोलीत गेला. २५ नोव्हेंबरपासून ब्रिटनहून आलेल्या प्रत्येकाचा माग काढायचं काम देशभर सुरू झालं. याद्या जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्या. चर्चमध्ये पन्नासांपेक्षा जास्त माणसं नकोत असा आदेश निघाला. नऊ महिन्यांनी पुन्हा सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द : बाहेरून आलेला. यावेळी तो साहेबांच्या देशातून आलेला होता, एवढाच फरक.

पण हिंगोलीच्या खेड्यांत त्या आठवड्यात याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. अर्ज भरायची मुदत २३ ते ३० डिसेंबर, आणि मधले तीन दिवस, नाताळ, शनिवार, रविवार, सुट्टी. लंडनमध्ये लोक घरात कोंडून दूरचित्रवाणीसमोर बसले होते तेव्हा इकडे पॅनल जुळत होते, जातीचे दाखले शोधले जात होते, ऑनलाइन अर्जाच्या सर्व्हरला शिव्या पडत होत्या. तिकडून दुपारी फोन आला की इकडे संध्याकाळ असायची. आजी-आजोबा नातवाचं झाड मोबाइलवर बघायचे आणि मागून कुणीतरी ओरडायचं, झालं का, गाडी निघायलीय तहसीलला.

सरपंचपदाचं गणित दहा-पंधरा मतांवर हलतं, आणि ती मतं बहुधा गावात नसतात. ती चाकणच्या कंपनीत, हडपसरच्या सोसायटीच्या गेटवर, हैदराबादच्या कारखान्यात असतात. संक्रांतीच्या आसपास गाड्या ठरल्या. जीप, क्रूझर, टेम्पो ट्रॅव्हलर. जाण्या-येण्याचा खर्च उमेदवाराचा, वाटेत जेवण उमेदवाराचं. एप्रिलमध्ये ज्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या, त्याच वेशीवर जानेवारीत पॅनलचे पुढारी पहाटे उभे राहून बाहेरून आलेल्यांना उतरवून घेत होते, चहा पाजत होते, तब्येतीची चौकशी करत होते. थर्मामीटर कुणी काढला नाही.

१५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं. डाव्या तर्जनीवर शाई लागली. दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, देशात लसीकरण सुरू झालं, आणि जिल्हा रुग्णालयांतल्या परिचारिकांनी आधी एकमेकींच्या दंडात सुई टोचून घेतली. १८ ला निकाल लागले, गुलाल उडाला. मतदार पुण्याच्या गाड्यांनी परत गेले.

फेब्रुवारीत आकडे पुन्हा चढू लागले. महिना संपता संपता जिल्हाधिकारी रुचेश जयवंशी यांचा आदेश निघाला : १ मार्चच्या सकाळी सातपासून ७ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत हिंगोली जिल्ह्यात संचारबंदी. हळदीची काढणी नुकती सुरू झाली होती.